कूलंटची पातळी वारंवार खाली जात असेल तर बाटली कशी तपासावी आणि तिच्यात काय भरावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ७२ हजार किलोमीटर चाललेली आहे, आणि रेडिएटरला स्वतंत्र झाकण व शेजारी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, प्लास्टिकची बाटली आहे. गेल्या वर्षभरात ही बाटली दर दीड महिन्याने खालच्या खुणेच्याही खाली जाते. गॅरेजमध्ये दर वेळी नळाचे पाणी भरून देतात आणि "उन्हाळ्यात एवढे होतेच" असे सांगतात. गाडी अजून एकदाही तापलेली नाही. तेव्हा काळजी करावी का, आणि बाटलीची तपासणी व देखभाल घरच्या घरी कशी करावी, असे आपण विचारले आहे.

काळजी करावी, आणि ती गाडी तापण्याआधीच करावी. मी कराडला एकोणतीस वर्षे गॅरेज चालवतो आहे. एवढ्या काळात हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलेली किंवा हेड गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारी चकती) गेलेली जी इंजिने माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांच्या मालकांना विचारले की कळते, बाटली काही महिन्यांपासून उतरत होती आणि कोणीतरी ती निमूटपणे भरत होते. कूलंट हे पेट्रोलसारखे खर्च होणारे द्रव्य नाही. ते इंजिन, रेडिएटर आणि हीटर यांच्या बंद मार्गातून फिरत राहते. उघड्या प्रकारच्या बाटलीतून थोडेसे पाणी वाफ होऊन जाते, म्हणून वर्षभरात पातळी किंचित उतरली तर ते समजण्यासारखे आहे. दीड महिन्यात ती वरच्या खुणेपासून खालच्या खुणेच्या खाली गेली, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडते आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत बाटली भरणे हा उपाय होत नाही.

बाटली नेमके काय काम करते हे एकदा नीट समजले की तपासणीतील बहुतेक गोष्टी आपोआप लक्षात येतात. थंड इंजिनातील कूलंट चालू तापमानाला पोचेपर्यंत साधारण चार टक्क्यांनी फुगते. आपल्या गाडीसारख्या लहान इंजिनात सुमारे पाच लिटर कूलंट असते असे धरले, तर जवळजवळ २०० मिलिलिटर द्रवाला जागा हवी असते. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की मोठी झडप उघडते आणि जादा कूलंट बारीक नळीवाटे बाटलीत येते. इंजिन थंड होऊन आत पोकळी निर्माण झाली की मधली छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट बाटलीतून परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. स्विफ्ट, इनोव्हा यांच्यासारख्या अनेक गाड्यांत हीच रचना पाहायला मिळते. पोलोसारख्या काही गाड्यांत मात्र रेडिएटरला झाकणच नसते. तेथे दाबाचे, आट्याचे झाकण थेट बाटलीवर असते आणि बाटली स्वतः पूर्ण दाबाखाली असते. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे पाहिल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, कारण पहिल्या प्रकारात बाटलीचे झाकण गरम असतानाही निव्वळ टोपणासारखे असते, तर दुसऱ्या प्रकारात तेच झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते.

या दाबाची कल्पना प्रत्येक घरात आहे, फक्त ती गाडीशी जोडली जात नाही. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. हा दाब स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्टीखालच्या दाबाच्या जवळपासचा आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तर १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि कूलंट मिसळलेले असेल तर त्याहूनही पुढे. म्हणूनच इंजिनातील द्रव १०५ अंशांवर असूनही शांत असतो. झाकण उघडताक्षणी दाब नाहीसा होतो आणि त्याच द्रवाची एका क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. माझ्या कामाच्या दुसऱ्याच वर्षी मी घाईत असे एक झाकण फिरवले होते, आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत त्याची खूण अजून आहे. इंजिन बंद करून किमान पाऊण-एक तास थांबावे. रेडिएटरची वरची जाड नळी हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागली पाहिजे. त्यानंतरही झाकणावर जाड कापड घालून ते पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवावे आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावर काढावे. कुकरचे झाकण ज्या संयमाने आपण उघडतो, तेवढाच संयम येथे पुरतो.

आता पातळी पाहण्याविषयी. ती सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सपाट जागेवर आणि दर वेळी त्याच जागी पाहावी. गरम इंजिनावर पाहिलेली पातळी वर दिसते आणि चढावर उभ्या गाडीत ती फसवते. जुन्या बाटलीच्या आतील बाजूस पूर्वीच्या पातळीचा डाग बसलेला असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो डागच पातळी वाटतो. ही चूक अनुभवी माणसेही करतात. त्यासाठी बाटलीच्या मागून मोबाइलचा दिवा धरावा आणि दुसऱ्या हाताने गाडी किंचित हलवावी. खरा द्रव डुलतो, डाग डुलत नाही. पातळी दोन खुणांच्या मध्ये असणे पुरेसे आहे. वरच्या खुणेच्या पुढे भरल्याने काही अधिकचे संरक्षण मिळत नाही, उलट फुगणाऱ्या द्रवाला जागा न उरल्याने ते बाहेर सांडते आणि मालकाला नसलेली गळती दिसू लागते. कूलंटची बाटली आणि काच धुण्याच्या पाण्याची बाटली यांतही गल्लत होते. साबणाचे पाणी चुकून कूलंटमध्ये पडले असेल तर इंजिन चालू न करता बाटली काढून रिकामी करावी व धुवावी.

मात्र केवळ बाटली पाहून थांबू नये, आणि आपल्या प्रकारच्या गाडीत तर मुळीच नाही. कुंभार्ली घाटात तापून बंद पडलेली एक गाडी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ओढून आणली होती. बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती आणि मालकाने निघण्यापूर्वी ती पाहिलीही होती. रेडिएटरमध्ये मात्र दीड-दोन लिटर कूलंट कमी होते. झाकणाचा रबर कडक होऊन चिरला होता. त्यामुळे कूलंट फुगून बाटलीत जात होते, पण परत ओढले जाण्याऐवजी आत हवा शिरत होती. जादा झालेले कूलंट बाटलीच्या सांडनळीतून रस्त्यावर जात राहिले आणि बाटली कायम भरलेली दिसत राहिली. झाकण आणि बाटली यांच्यामधील बारीक नळीला चीर पडली किंवा ती उंदराने कुरतडली तरी हाच प्रकार होतो. म्हणून महिन्यातून एकदा, पूर्ण थंड इंजिनावर, रेडिएटरचे झाकण काढून आतील कूलंट गळ्यापर्यंत आहे ना, हे पाहावे. रबर बोटाने दाबून पाहावा, मधली छोटी झडप नखाने ओढून ती पुन्हा बसते का हे पाहावे. शंका आली तर झाकण सरळ बदलावे, पण त्याच आकड्याचे घ्यावे. १.१ चे झाकण जास्त चांगले, असे समजून ०.९ च्या जागी बसवले तर जुन्या नळ्या आणि रेडिएटरची प्लास्टिकची टाकी यांच्यावर नको इतका ताण येतो.

आपल्या बाबतीत नळाच्या पाण्याची गोष्ट मला गळतीइतकीच गंभीर वाटते. थोडे गणित करून पाहू. पाच लिटरमध्ये निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी आहे असे धरा. दर वेळी ३०० मिलिलिटर मिश्रण गळते आणि तेवढेच साधे पाणी भरले जाते. वर्षात असे आठ वेळा झाले की ५० टक्क्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येते. कूलंट म्हणजे मुख्यतः एथिलीन ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी रसायने. गळतीबरोबर ही रसायनेही जातात आणि पाण्याबरोबर क्षार येतात. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गोठण्यापासून संरक्षण हे त्याच्या अनेक कामांपैकी फक्त एक काम आहे. ते उकळबिंदू वाढवते, ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर खराब होऊ देत नाही आणि त्यातील रसायने कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचे आयुष्य राखतात. ही कामे सोलापूरच्या मे महिन्यात जितकी लागतात तितकी थंड प्रदेशातही लागत नाहीत. महाबळेश्वराच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी ९५ अंशांच्या थोड्या वरच उकळते. म्हणजे झाकणाचा दाब गेलेला आणि आत नुसते पाणी अशी गाडी घाट चढून वर आली, तर तिला उकळायला फारच थोडे अंतर उरते.

पाणी घालावेच लागले तर ते डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड असावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी जे पाण्याचे कॅन मिळतात ते चालतात, फक्त लेबल वाचून घ्यावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही मिळते. आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गरम धातूवर बसून बादलीत बुडवायच्या हीटरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर चढवतात. हा थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसला की पुढे कितीही चांगले कूलंट घातले तरी उष्णता बाहेर पडत नाही. आरओचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा बरे, पण त्यात क्षार अजिबात नसतात असे नाही. वाटेत गाडी तापली आणि दुसरे काहीच हाताशी नसेल, तर इंजिन थंड झाल्यावर पिण्याच्या पाण्याची बाटली ओतण्यात मला गैर वाटत नाही. गैर हे आहे की घरी पोचल्यावर ते पाणी काढून मिश्रण पुन्हा योग्य प्रमाणात आणले जात नाही.

कूलंट विकत घेताना रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवा, गुलाबी, निळा, नारिंगी हे फक्त घातलेले रंग आहेत आणि सगळ्या कंपन्यांना लागू होईल असा रंगांचा एकच नियम नाही. आतील रसायने महत्त्वाची आहेत. जुन्या प्रकारच्या कूलंटमधील संरक्षक रसायने दोन-तीन वर्षांत संपतात, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नवे प्रकार पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात. दोन वेगवेगळे प्रकार मिसळले तर आयुष्य कमी होते, आणि काही वेळा जेलीसारखा गाळ तयार होतो. असा गाळ मी रेडिएटर कापून पाहिलेला आहे, साबणाच्या लगद्यासारखा दिसतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार आणि जी मुदत दिली असेल तीच पाळावी. दुसरी गोष्ट म्हणजे कॅनवर तयार मिश्रण आहे की पाणी मिसळायचे आहे, ते वाचावे. पाणी मिसळायचे असेल तर प्रमाण दिलेले असते. काही कॅनवर एकास एक, काहींवर एकास तीन असे असते. पाणी न मिसळता घातले तर जास्त गार राहील, हा समज अगदी उलटा आहे. शुद्ध ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते. म्हणून उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते आणि त्या पाण्याला सांभाळण्याचे काम कूलंट करते, असे समजावे.

बाटलीतील द्रवाकडे पाहूनही बरेच काही कळते. रंग स्वच्छ आणि पारदर्शक असावा. तो चहासारखा तांबूस झाला असेल तर आत गंज सुरू झाला आहे. वर तेलाचा तवंग किंवा कॉफीसारखा फेस दिसला तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटमधून तेल मिसळते आहे, आणि ती गाडी चालवू नये. इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची दाट शक्यता असते.

आता आपल्या गाडीतील कूलंट जाते कुठे, हा खरा प्रश्न. जमिनीवर ओल दिसत नाही म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढू नये. बारीक गळती गरम धातूवर पडून तेथेच वाळते आणि मागे पांढरट किंवा रंगीत पापुद्रा ठेवते. नळ्यांच्या क्लिपांखाली आणि रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जेथे दुमडून बसवलेली असते त्या कडेला हा पापुद्रा शोधावा. वॉटर पंपाखालीही पाहावे. पंपाला खालच्या बाजूस मुद्दाम ठेवलेले एक बारीक भोक असते, आतील सील गेला की पहिल्यांदा तेथून थेंब पडू लागतात. सत्तर हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीत माझा पहिला संशय झाकणावर असतो आणि दुसरा या पंपावर. डाव्या सीटपुढची गादी ओली लागत असेल, काचेवर आतून चिकट धुके धरत असेल आणि गाडीत गोडसर वास येत असेल, तर डॅशबोर्डमागचा हीटर गळतो आहे.

बाहेर कुठेच काही सापडले नाही, तर गॅरेजमध्ये दाब तपासून घ्यावा. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावरच्या आकड्याइतका दाब देतात आणि काटा उतरतो का ते दहा-पंधरा मिनिटे पाहतात. त्याच उपकरणाने झाकणही तपासता येते. काटा उतरला आणि बाहेर थेंबही नसला, तर कूलंट इंजिनाच्या आत जाते आहे. त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी असते, जळलेला वायू त्यातून गेला की पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. एवढ्या चाचण्या न करता थेट "हेड खोलावे लागेल" असे कोणी म्हणाले, तर आधी चाचणी मागावी. उलट बाजूने, गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव रेडिएटरमध्ये घालण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये. तो गाळ गळतीबरोबरच हीटरच्या आणि रेडिएटरच्या चांगल्या नळ्याही बुजवतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्लाही आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त पिते आणि झिजते, आणि मूळ दोष तसाच राहतो.

"गाडी तापलेली नाही" यावरही फार विसंबून राहू नका. तापमानाचा संवेदक कूलंटमध्ये बुडलेला असेल तोवरच खरे सांगतो. पातळी फार खाली जाऊन तो हवेत उघडा पडला, तर आत इंजिन भाजत असताना काटा मध्यावर राहू शकतो. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, आणि गरम इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नये. दिवा लागलेला नाही पण काटा चढू लागला आहे, अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावला तर थांबण्यायोग्य जागा गाठण्यापुरती मदत होते.

बाटलीची स्वतःची देखभाल फारशी नाही, पण आहे. दोन वर्षांतून एकदा ती काढून धुवावी. आत हात जात नाही, म्हणून मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून जोरात हलवावी, बहुतेक डाग निघतात. शेवटचे विसळणे डिस्टिल्ड पाण्याने करावे. प्लास्टिक इतके पिवळे झाले असेल की पातळी दिसत नाही, किंवा शिवणीवर केसासारख्या चिरा असतील, तर ती चिकटवत बसू नये, नवी घालावी. दाबाखालच्या बाटलीला तर चिकटवण्याचा विचारही करू नये.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि लहान मुलेही पिऊ शकतात. थोडे जरी पोटात गेले असले तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे आणि कूलंट प्यायल्याचे स्पष्ट सांगावे. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

आपण आता एवढे करावे. उद्या सकाळी थंड इंजिनावर रेडिएटर गळ्यापर्यंत आणि बाटली वरच्या खुणेपर्यंत योग्य मिश्रणाने भरावी, नवे झाकण बसवावे, बाटलीवर पातळीची रेघ मारून तारीख आणि किलोमीटर लिहावेत. दर रविवारी त्याच जागी पाहून वहीत नोंद करावी. तीन आठवड्यांत पातळी हलली नाही, तर दोष झाकणाचाच होता. मग जुने सगळे द्रव काढून, डिस्टिल्ड पाण्याने मार्ग धुऊन, हवा नीट काढून नवे कूलंट भरून घ्यावे, कारण वर्षभराचे नळाचे पाणी अजून आतच आहे. पातळी उतरलीच, तर ती वही घेऊन दाब तपासणारे उपकरण असलेल्या गॅरेजमध्ये जावे. किती किलोमीटरमध्ये किती उतरले हे लिहिलेले असले, की तपासणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.